टेरी कॅलिअर: गाणं सोडून प्रोग्रॅमर झालेला (आणि परत आलेला) गायक

खर्जातला

गेले काही आठवडे ऑफिसात हेडफोन लावला की एकच माणूस ऐकतोय, टेरी कॅलिअर. शिकागोचा. गिटार घेऊन बसायचं, स्वतः लिहिलेलं स्वतः गायचं. माझ्या लेखी अगदी स्वतंत्र कलाकार. रेकॉर्डवाल्यांनाही त्याला कुठल्या खणात ठेवायचं ते कधी कळलं नाही. थोडा फोक, बराचसा जॅझ, आणि गळा अस्सल सोलचा, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या त्या भावभरल्या गाण्याचा. इथे फार जणांनी ऐकला नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो.

जन्म १९४५. कॅब्रिनी-ग्रीनच्या सरकारी वसाहतीच्या परिसरात वाढला. पुढे नावाजलेले सोल गायक कर्टिस मेफील्ड आणि जेरी बटलर हे तिथलेच सवंगडी. १९६२ मध्ये, ऐन विशीच्या आत, चेस रेकॉर्ड्सनं त्याची पहिली तबकडी काढली. मडी वॉटर्स, एटा जेम्स अशा बड्या गायकांच्या दौऱ्यात जायची संधी आली, पण आईनं जाऊ दिलं नाही. मग कॉलेज, गिटार, कॉफी हाऊसमधलं गाणं. त्या काळात जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा चौकडीचा ताफा प्रत्यक्ष ऐकला आणि पार हादरला. १९६४ मध्ये प्रेस्टीज कंपनीसाठी पहिला अल्बम केला. त्याचा निर्माता सॅम्युएल चार्टर्स टेप घेऊन मेक्सिकोच्या वाळवंटात निघून गेला! अल्बम बाजारात यायला १९६८ च्या आसपास उजाडलं.

पुढे कॅडेट कंपनीसाठी तीन अल्बम, १९७२ ते ७४. संगीत संयोजक चार्ल्स स्टेपनी. समीक्षकांनी वाखाणले, दुकानात पडून राहिले. मग इलेक्ट्रा कंपनीकडे दोन. १९८२ ला शिकागोतल्या एका चिमुकल्या लेबलवर एक सिंगल. आणि १९८३ ला संपलं. मुलगी शाळेसाठी त्याच्याकडे राहायला आली, घरात नियमित पगार हवा होता. यानं कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगचे वर्ग केले आणि शिकागो विद्यापीठात नोकरी धरली. संध्याकाळी समाजशास्त्र शिकायचा. शेजारच्या टेबलावरच्यांना हा एकेकाळचा गायक आहे याचा पत्ता नव्हता.

नव्वदच्या सुमारास लंडनहून फोन. ॲसिड जॅझ लेबलचा एडी पिलर बोलत होता: तुमच्या त्या १९८२ च्या सिंगलवर इथली पोरं नाचतात, ती पुन्हा काढू का? तिथून हा रजा टाकून इंग्लंडला जाऊन गायला लागला. १९९८ मध्ये 'टाइमपीस' हा नवा अल्बम, त्याला संयुक्त राष्ट्रांचा शांतता पुरस्कार. बातमी ऑफिसात पोचली आणि नोकरी गेली. त्यानंतर २०१२ मध्ये जाईपर्यंत फक्त गाणं.

तर माझा प्रश्न. नोकरीतली ती वर्षं ही त्याच्या कलेची हानी, की त्याच वर्षांनी त्याचं गाणं वाचवलं? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. सत्तरच्या दशकातच हट्टानं टिकून राहिला असता तर डिस्कोच्या लाटेत कुठल्यातरी कंपनीनं त्याच्याकडून वाट्टेल ते गाऊन घेतलं असतं.

साधंवरण

आई मराठीच असणार. "आधी कॉलेज पुरं कर, मग काय बोंबलायचं ते बोंबल."

चिंचपोकळीकर

रजेच्या अर्जात कारण काय लिहीत असेल? आम्हाला सख्ख्या बहिणीचं लग्न सांगून तीन दिवस मिळत नाहीत. हा बाबा म्हणणार, लंडनला गाणं आहे.

धागा आवडला. रात्री ऐकतो.

काटेकोळंबी

खर्जातला, मत पटलं नाही. "नोकरीनं गाणं वाचवलं" हे नोकरदारांनी स्वतःची समजूत घालायला काढलेलं वाक्य आहे. (मीही नोकरदारच, हलकं घ्या.)

हिशेब साधा आहे. इलेक्ट्राचा दुसरा अल्बम सत्तरीच्या अखेरीला. पुढचा स्टुडिओ अल्बम थेट १९९८. गायकाचा गळा, अनुभव आणि दम हे तिन्ही एका वेळी हाताशी असतात ती वर्षं म्हणजे पस्तीस ते पन्नास. नेमकी तीच कोरी. या काळात झाली नाहीत ती गाणी आपण ऐकूच शकत नाही, म्हणून आपल्याला नुकसान दिसत नाही एवढंच.

आणि लंडनहून फोन आला नसता तर? एका डीजेच्या हाती जुन्या रेकॉर्डच्या ढिगातून ती नेमकी तबकडी लागली. त्याला योगायोग म्हणतात. त्यावरून इतरांना "नोकरी धरा, बोलावणं येईल" असा सल्ला देता येत नाही.

खर्जातला

काटेकोळंबी, सल्ला कुठे दिला मी! पण योगायोग म्हणताना एक बघा. बोलावणं आलं तेव्हा तो गाऊ शकत होता. कितीतरी जण त्या वेळेपर्यंत दारूत किंवा कर्जात बुडालेले असतात. याचं भाडं वेळेवर जात होतं.

तिसरी_घंटा

कुणीतरी आधी त्याच्या संगीताबद्दल बोला हो. सगळे एकदम एचआरच्या मीटिंगला बसल्यासारखे.

पहिल्या अल्बमची गंमत सांगते. गिटार आणि गळा एवढ्यावर लोकगीतं म्हणायची, त्या काळी शेकडो जण तेच करत होते. यानं सोबतीला काय घेतलं, तर दोन डबल बास. दोन! ही कल्पना सरळ कोल्ट्रेनकडून आली. एक बास षड्ज धरल्यासारखा एका सुरावर रेंगाळतो, दुसरा त्याच्याभोवती फिरतो. आपल्या कानाला ते फार लवकर पटतं, कारण तानपुऱ्याची सवय. त्यात ड्रम नाहीत, त्यामुळे लय गिटारच्या बोटांत आणि त्याच्या श्वासात. शब्द तो तालावर नेमका टाकत नाही, जरा मागे ठेवतो. विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलाच्या अंगी हा निवांतपणा कुठून आला कोण जाणे.

सत्तरीतले कॅडेटचे अल्बम वेगळेच. स्टेपनीनं व्हायोलिनं, फ्रेंच हॉर्न, कोरस, सगळं आणलं, पण गाण्याच्या अंगावर घातलं नाही. 'व्हॉट कलर इज लव्ह'मधलं पहिलंच गाणं नऊ मिनिटांच्या आसपास जातं. सुरुवात पुटपुटल्यासारखी, मध्ये अख्खा वाद्यवृंद उसळतो, मग हळूहळू परत एकट्या गिटारवर. रेडिओला तीन मिनिटांचं गाणं हवं असताना अल्बम असा सुरू करणाऱ्याला व्यवहार कळत नव्हता किंवा त्याला पर्वा नव्हती. मला दुसरी शक्यता जास्त आवडते.

स्टेपनी १९७६ ला गेला. तो माणूस जगला असता तर या धाग्यातला प्रश्नच वेगळा असता असं मला वाटतं.

बाबूराव_पेटीवाले

तिसरी_घंटा, सुंदर लिहिलंत. तानपुऱ्याचं वाचून लगेच लावलं. पहिल्या गाण्यालाच मान हलली. डबल बास हे वाद्य आमच्या पिढीनं फक्त हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्राच्या फोटोत मागच्या रांगेत पाहिलं.

साधंवरण

'व्हॉट कलर इज लव्ह'चं कव्हर घरात सगळ्यांसमोर उघडू नका. सांगून ठेवतो.

शिकागोची_थंडी

शिकागोत राहते, म्हणून थोडं ठिकाणांबद्दल. कॅब्रिनी-ग्रीन शहराच्या उत्तर भागात, श्रीमंत वस्तीला अगदी खेटून होतं. शेवटची उंच इमारत २०११ मध्ये पाडली. आता तिथे महागडे फ्लॅट आणि किराणा मॉल. विद्यापीठ दुसऱ्या टोकाला, दक्षिणेला हाइड पार्कमध्ये. त्याच बाजूला, ६३ व्या रस्त्यावर, पूर्वी मॅकीज नावाचा क्लब होता, कोल्ट्रेन शिकागोत आला की तिथे वाजवायचा. आता त्यातलं काही शिल्लक नाही.

एक गोष्ट निसटतेय. कॅलिअर नोकरी करण्याआधीही पगारी लेखकच होता. सत्तरीच्या सुरुवातीला जेरी बटलरनं गीतकारांसाठी कार्यशाळा काढली होती, तरुण मुलांनी रोज यायचं, गाणी लिहायची, थोडे पैसे घ्यायचे. कॅलिअरनं तिथे लॅरी वेडबरोबर 'द डेल्स' या गायकांच्या गटासाठी लिहिलेलं एक गाणं १९७१ मध्ये चाललं. त्या यशावर कॅडेटनं त्याला स्वतःचे अल्बम करू दिले. म्हणजे आधी दुसऱ्यांसाठी लिहिलं, मग स्वतःसाठी गायला मिळालं. शिकागोचा हा रिवाजच होता. न्यूयॉर्कला जाऊन नाव काढायचं, हा त्याचा स्वभाव नव्हता. तो शहर सोडून गेला नाही.

अनुस्वार

"स्वतंत्र" कलाकार म्हणताय, पण चेस, प्रेस्टीज, कॅडेट, इलेक्ट्रा... सगळ्या कंपन्याच की. यात स्वतंत्र काय आहे?

खर्जातला

पुष्कळदा बाहेर फेकला गेल्यामुळे स्वतंत्र, असं म्हणू. शेवटची वर्षं मात्र 'मिस्टर बोंगो' या लंडनच्या छोट्या लेबलकडेच बहुतेक अल्बम. अनुस्वार, तुमच्या व्याख्येत कोण बसतं?

अनुस्वार

जॅझ गायिका बेटी कार्टर. ठाम उत्तर.

डेट्रॉइटमध्ये वाढली, विशी ओलांडायच्या आत लायनेल हॅम्प्टनच्या बँडबरोबर दौरे करत होती. १९६१ ला रे चार्ल्सबरोबर युगुलगीतांचा अल्बम गाजला. त्यानंतर तिनं हवं तर गोड गाणी गात आयुष्य काढलं असतं. पण गाणं मोडून, ताणून, वेग दुप्पट किंवा निम्मा करून गायचा तिचा हट्ट, आणि साठच्या दशकाच्या अखेरीला कंपन्यांना रॉक हवा होता. मग तिनं स्वतःचं लेबल काढलं, 'बेट-कार'. स्वतःच्या खर्चानं रेकॉर्ड काढायच्या, स्वतःच विकायच्या. आणि हे सत्तरीच्या सुरुवातीला, इंटरनेट नाही, काही नाही. वर्षानुवर्षं तसं चालवलं. १९८० चा तिचा थेट मैफलीचा डबल अल्बम याच लेबलचा, तो ऐकून मग बोला.

१९८८ मध्ये व्हर्व्ह कंपनी तिच्याकडे आली आणि बेट-कारच्या जुन्या तबकड्याही त्यांनी पुन्हा काढल्या. त्याच वर्षीच्या अल्बमला ग्रॅमी. कंपनीत गेली ती, पण गाणं कसं गायचं हे कुणी तिला सांगितलं नाही. शिवाय सोबतीला कायम तरुण वादक घ्यायची, त्यांना घासूनपुसून तयार करायची आणि सोडून द्यायची. जॉन हिक्स, मलग्रू मिलर, बेनी ग्रीन, सायरस चेस्टनट हे पियानोवाले तिच्या हाताखालून गेलेत.

नोकरी-बिकरी काही नाही. गाण्याचंच दुकान मांडलं आणि गल्ल्यावर स्वतः बसली.

काटेकोळंबी

अनुस्वार +१. मला म्हणायचं होतं ते हेच.

तिखटजाळ

ग्रेगरी पोर्टर कुणी काढला नाही अजून? कॅलिफोर्नियाचा. कॉलेजात अमेरिकन फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर होता, खांदा गेला. आई धर्मोपदेशक, ती कर्करोगानं जाताना त्याला गात राहा म्हणाली. पुढे ब्रुकलिनला भावाच्या कॅफेत स्वयंपाकी म्हणून काम करायचा आणि रात्री हार्लेमच्या एका पबमध्ये गायचा. पहिला अल्बम २०१० मध्ये, मोटेमा या छोट्या लेबलवर. तेव्हा चाळिशी आली होती. तो थेट ग्रॅमीच्या नामांकनात. मग ब्लू नोटनं उचलला, २०१३ च्या अल्बमला ग्रॅमी.

म्हणजे पोळ्या लाटता लाटता पण होतं.

चिंचपोकळीकर

तो माकडटोपीवाला ना?

तिखटजाळ

तोच. आपल्याकडे माथेरानला गेलेल्या प्रत्येक आजोबांकडे आहे ती.

मुक्ता_रेवा

बराच वेळ वाचतेय, आता लिहिते.

या धाग्यात एक गोष्ट खुपली. कॅलिअर मुलीसाठी थांबला, याचं सगळ्यांना कोण कौतुक. मलाही आहे. पण मुलांसाठी गाणं थांबवलेल्या बायकांचे धागे कुणी काढत नाही, कारण ती बातमीच नसते. आपल्या प्रत्येकाच्या घरात संगीत विशारद झालेली एक मावशी किंवा काकू असते, जी आता फक्त गणपतीत आरती वरच्या पट्टीत उचलते. तिला लंडनहून फोन येणार नाही, कारण तिची १९८२ ची सिंगल कुणी काढलेलीच नव्हती. बेटी कार्टरनं दोन मुलगे वाढवत लेबल चालवलं, ते अनुस्वार यांच्या प्रतिसादात आलंच नाही. हिशेबात धरायला हवं होतं.

दुसरं, प्रत्यक्ष अनुभव. मी पुण्यात स्वतःची मराठी गाणी लिहिते आणि गाते. चाली माझ्याच, साज जॅझच्या वळणाचा. दिवसा मुलांना गाणं शिकवते. कॅफेतला कार्यक्रम म्हणजे पहिल्या दोन गाण्यांनंतर मालक येऊन "ताई, जरा ओळखीचं घ्या ना" म्हणतो. घरगुती मैफली बऱ्या. तीस-चाळीस माणसं, सतरंजी, माइक नाही, शेवटी डबा फिरवायचा. लोक शब्द ऐकतात.

स्ट्रीमिंगबद्दल गैरसमज आहेत म्हणून लिहिते. स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियम असा की वर्षभरात एखादं गाणं हजार वेळाही वाजलं नाही तर त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचे पैसे शून्य. कमी नाही, शून्य. माझ्यासारख्यांची निम्मी गाणी त्याच रेषेखाली. बँडकॅम्प या संकेतस्थळावर थेट विकलं तर ते डिजिटल विक्रीतले पंधरा टक्के कापतात, वर पैसे वळते करण्याचं शुल्क जातं, बाकी माझे. त्यामुळे दहा जणांनी विकत घेतलेला अल्बम मला स्ट्रीमिंगच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा जास्त देऊन जातो. आणि नवीन लिहिणाऱ्यांनो, आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व आधी घ्या. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा वारस किंवा अशी संस्था सोडून कुणाला लिहून देऊन टाकताच येत नाही, हे निम्म्या मुलांना माहीत नसतं. ती कसल्याही कागदावर सही करतात.

बाबूराव_पेटीवाले

मुक्ताताई, आरतीचं वाचून घरात शांतता पसरली. बायको वाचत होती मागून.

काटेकोळंबी

मुक्ता, प्रतिसाद जपून ठेवतोय. एक विचारू? शिकवणीचा कंटाळा येऊन गाणं लिहायचं राहून जातं असं होतं का?

मुक्ता_रेवा

होतं. आणि उलटही होतं. लहान मुलं सूर चुकवतात तेव्हा काही विचित्र सुंदर जागा सापडतात, त्या मी चोरते. पण मार्च-एप्रिलमध्ये परीक्षांमुळे शिकवण्या बंद, तेव्हा वेळच वेळ असतो आणि एक ओळ सुचत नाही. भाड्याचा विचार डोक्यात असताना गाणं सुचतं हे मला तरी जमलेलं नाही. लोक गरिबीत कला फुलते म्हणतात ना, त्यांच्याकडे बहुतेक स्वतःचं घर असतं.

मांडवीकाठ

मुक्ताताईंनी बायकांचा विषय काढला म्हणून गोव्याहून एक नाव. लोर्ना. लोर्ना कोर्देरो.

कोकणीत गायची, पण ते गाणं जॅझच होतं, आणि गळ्यात तुम्ही म्हणता तो सोल भरलेला. साठीच्या दशकात मुंबईच्या हॉटेलांत, क्लबांत गोंयकार वादकांचं राज्य. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्या आधीचा, तो आमच्या हळदोण्याचा. लोर्ना ख्रिस पेरींच्या बँडमध्ये गायची. चाली आणि शब्द बरेचसे ख्रिसचे, म्हणून तिला सिंगर-सॉंगरायटर म्हणता येणार नाही, ते मान्य. पण बँडची साथ सुटली आणि ती गप्प झाली. वीसेक वर्षं. गोव्यात प्रत्येक लग्नात तिची गाणी वाजायची आणि ती स्वतः कुठे आहे ते लोकांना माहीत नाही. १९९५ मध्ये ती पुन्हा उभी राहिली आणि गायली, गोव्यातच. माझा काका गेला होता. सांगतो, पहिल्या गाण्याला माणसं रडत होती आणि दुसऱ्याला नाचत होती.

कॅलिअरनं मुलीसाठी थांबायचं स्वतः ठरवलं. लोर्नाच्या गप्प बसण्यात तिचं स्वतःचं किती होतं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. त्यामुळे खर्जातला, "त्या वर्षांनी गाणं वाचवलं" हे लोर्नाबद्दल म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

खर्जातला

मांडवीकाठ, मुद्दा पटला. थांबणं आणि थांबवलं जाणं यात फरक आहे. कॅलिअरला मी पहिल्यात धरतो, पण तिथेही सत्तरीतल्या कंपन्यांनी अर्धं काम केलेलंच होतं. अल्बम खपले असते तर मुलगी आणि गाणं दोन्ही सांभाळता आलं असतं.

वऱ्हाडी_ठेचा

मले एक समजलं नाही. सरकारी नोकरी करत गाणारे आपल्याकडं कमी हायेत का? वसंतराव देशपांडे मिलिटरी अकाउंट्समध्ये होते की. आमच्या मूर्तिजापूरचे. कितीक वर्षं हापिस केलं, मग सोडलं. अरुण दाते टेक्स्टाइल इंजिनिअर. शिकागोपर्यंत कायले जाता बाप्पा.

तिसरी_घंटा

वऱ्हाडी, वसंतरावांचं उदाहरण उलट काटेकोळंबींच्या बाजूचं आहे. लोकांनी त्यांना खऱ्या अर्थानं ऐकलं ते नोकरी सुटल्यावर. १९६७ ला 'कट्यार' आली तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. आणि त्यांच्या हयातीची पुढची वर्षं किती, तर सोळा. आधीची सगळी वर्षं हा गळा जमा-खर्चाच्या वह्यांवर खाली मान घालून बसला होता. मला तरी ते वाचून हळहळच वाटते.

वऱ्हाडी_ठेचा

बराबर. पण पोट होतं ना मांगं.

साधंवरण

पंचवीस प्रतिसाद झाले आणि अजून कुणी कुणाला "तुम्हाला जॅझ कळत नाही" म्हटलेलं नाही. ॲडमिन, तब्येत बरी आहे ना सगळ्यांची?

कोपऱ्यातला_टेबल

म्हणतो की मी. तुम्हाला जॅझ कळत नाही. कॅलिअर हा जॅझ गायक नाहीच, गोड गळ्याचा फोकवाला आहे. त्याच्यात तात्काळ रचना कुठे आहे? स्कॅट, म्हणजे शब्दांऐवजी निरर्थक अक्षरांवर घेतलेल्या ताना, कुठे आहे? जॅझवाले वादक घेतले, दोन बास ठेवले म्हणून जॅझ होत नाही.

अनुस्वार

कोपऱ्यातला, बेटी कार्टरच्या मापानं मोजाल तर निम्मे जॅझ गायक बाद होतील. स्कॅट म्हणजेच जॅझ नव्हे. त्याचं मैफलीतलं ध्वनिमुद्रण ऐका, 'अलाइव्ह', लंडनच्या जॅझ कॅफेतलं, २००१ चं. तीच सत्तरीतली गाणी, पण दर ओळीला वेगळा उतार घेतो.

कोपऱ्यातला_टेबल

ऐकलं. थोडं मागे घेतो. थोडंच.

शिकागोची_थंडी

अवांतर: इंग्लंडनं अमेरिकेची विसरलेली माणसं परत शोधून देणं हा जुना प्रकार आहे. तिथल्या उत्तर भागातल्या गिरणी-कारखान्यांच्या गावांत साठीतल्या अमेरिकन सोलच्या न चाललेल्या तबकड्यांवर रात्रभर नाचायचे. जितकी तबकडी दुर्मीळ तितका डीजेचा मान. कॅलिअरच्या 'ऑर्डिनरी जो'ला त्या मंडळींनी उचललं. पुढे लंडनचे डीजे आले, जाइल्स पीटरसन, एडी पिलर. म्हणजे काटेकोळंबी म्हणतात तसा निव्वळ योगायोगही नव्हता. हट्टानं धूळ खात ढीग उपसणारी एक अख्खी जमात होती. घरच्या शहरात मात्र तो कित्येक वर्षं कुणीच नव्हता.

काटेकोळंबी

हे माहीत नव्हतं. जमात असेल तर योगायोगाचा मुद्दा सैल होतो, कबूल. मूळ मुद्दा मात्र सोडत नाही. 'टाइमपीस' चांगला अल्बम आहे, पण ५३ वर्षांच्या माणसाचा आहे. मला ४३ वर्षांच्या कॅलिअरचा अल्बम हवा होता.

खर्जातला

मला तर उलट वाटतं. काल रात्री १९७२ चा आणि १९९८ चा आवाज लागोपाठ ऐकले. पहिल्यात तो गाण्याच्या प्रेमात आहे आणि जरा स्वतःच्याही. दुसऱ्यात आवाज खाली बसलाय, काठाला किंचित खरखर आलीय, आणि शब्द कमी झालेत. घाई कुठेच नाही. हे वय आहे की आठ तास कोड लिहिण्याची सवय, मला सांगता येणार नाही.

आणखी एक, स्वतंत्र असण्याबद्दल. १९९७ ला बेथ ऑर्टनसारख्या त्याच्या मुलीच्या वयाच्या गायिकेनं त्याला सोबत गायला बोलावलं, २००६ ला मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडनं. दोन्हीकडे तो पाहुणा होता आणि दोन्हीकडे गाणं त्याचंच वाटतं. कुणाच्या दाराशी उमेदवारी करत नव्हता म्हणून हे जमलं, असं मला वाटतं. पगाराची सवय असलेला माणूस नाही म्हणू शकतो.

मुक्ता_रेवा

"नाही म्हणू शकतो" याच्याशी सहमत. याच कारणासाठी मी शिकवण्या सोडत नाही. गेल्या वर्षी एका जाहिरातीसाठी विचारणा झाली, पैसे बरे होते, पण माझीच चाल घेऊन शब्द बदलून साबणाबद्दल गायचं होतं. नाही म्हटलं. शिकवण्या नसत्या तर साबण गायला असता आणि कदाचित चांगला गायला असता.

पण खर्जातला, तुमच्या मूळ प्रश्नात "की" घातलाय ना, हानी की बचाव, तो मला नको वाटतो. दोन्ही एकाच माणसाच्या बाबतीत खरं आहे. काटेकोळंबींना हवा तो अल्बम झाला नाही, तो झाला असता तर तुम्हाला आवडलेला १९९८ चा आवाज बहुधा असा नसता. यातलं एक निवडायला आपल्याला कुणी सांगितलेलंही नाही.

चिंचपोकळीकर

रात्री ऐकतो म्हणालो होतो, ऐकलं. लोकलमध्ये ऐकायचं गाणं नाही हे. कुर्ल्याला नऊ मिनिटांचं ते गाणं सुरू केलं, वाद्यवृंद उसळला नेमका दादरच्या धक्काबुक्कीत. पुन्हा रविवारी घरी ऐकेन.

मांडवीकाठ, लोर्नाचं पहिलं कुठलं ऐकू?

मांडवीकाठ

'बेबदो'. आवाज मोठा ठेवा आणि शेजाऱ्यांना आधी सांगा.